कसे दिले?

(कामतघर, भिवंडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आज संध्याकाळी वऱ्हाळा तलावाच्या कडेने चालत आलो. वाटेत एक मावशी मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. एका ताईंनी उभ्याउभ्याच विचारले, "कशी दिली?" मावशी म्हणाली, "तीसला दोन. घ्या, ताजी आहे." दोन वाक्यांत बोलणे संपले आणि जुड्या पिशवीत गेल्या.

तिथून सभागृहापर्यंत माझ्या डोक्यात तेवढेच वाक्य घोळत होते. मेथी अजून मावशीच्या पुढ्यातच होती, पैसे ताईंच्या मुठीत होते, तरी विचारणे झाले ते 'दिली' असे. सौदा ठरण्याआधीच तो झाला असे धरून आपण बोलतो. शिवाय 'किती' न म्हणता 'कशी' म्हणतो. कांदे कसे, आंबे कसे, वाटा कसा दिला. या 'कसे'मध्ये भाव येतो, मालाची प्रत येते आणि आज बाजाराची हवा काय आहे तेही येते.

ज्या गुरुजींच्या आठवणीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी मला पाचवीत 'हाउ मच इज इट?' शिकवले. मी त्याचे भाषांतर केले, 'हे किती आहे?' गुरुजींनी वहीवर खूण केली आणि म्हणाले, "इंग्रजीत किती विचारतात, आपण कसे विचारतो. दोन्ही नीट शिक, म्हणजे कुठेही फसणार नाहीस." तेव्हा मला त्यातले फक्त व्याकरण कळले होते. फसण्याचा भाग पुढे बरीच वर्षे इंग्रजी शिकवताना कळला. दिवसपाळी संपवून मागावरची, गोदामातली मुले वर्गात यायची आणि त्यांचे प्रश्न बहुतेक दुकानातले, बिलावरचे असायचे. म्हणून आज मी दुकान, खरेदी आणि किंमत यांच्या इंग्रजीबद्दल बोलणार आहे.

आधी एक भीती बाजूला ठेवू. बाजारात परके शब्द शिरले की मराठी बुडते, असे मी मानत नाही. बाजाराची मराठी पहिल्यापासून परक्या मालावरच उभी आहे. 'बाजार' फारसी, 'दुकान' आणि 'किंमत' अरबीतून फारसीमार्गे आलेले. 'खरेदी-विक्री' हा जोडशब्द पाहा: खरेदी फारसीतली, विक्री संस्कृतातली. घेणारा एका भाषेत घेतो, देणारा दुसऱ्या भाषेत देतो आणि व्यवहार मराठीत होतो. 'जकात' अरबी. 'महाग' मात्र आपल्या 'महार्घ'मधून आलेला. आपल्या पलीकडे वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या भाषेतून बटाटा, कोबी, काजू, पाव, साबण, चावी, बादली, घमेले आले, महिन्याच्या शेवटी हाती पडणारा 'पगार' आला आणि माल पुकारून विकण्याचा 'लिलाव'ही आला. आज हे शब्द परके आहेत असे कुणी सांगितले तर आमच्या घरच्या बायका ऐकून घेणार नाहीत.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो कोश दहा वर्गांत विभागलेला आहे आणि त्यातला शेवटचा वर्ग पण्यवर्ग, म्हणजे बाजारहाटाचा. एवढ्या मोठ्या राजाने बाजाराच्या शब्दांना स्वतंत्र वर्ग द्यावा, याचे मला फार अप्रूप वाटते. दरबारातले काही पर्याय रुजले. पण दुकान दुकानच राहिले, बाजारही बाजारच राहिला. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेले 'दिनांक' आणि 'क्रमांक' आज प्रत्येक छापील बिलाच्या डोक्यावर आहेत, पण बिल स्वतः 'बिल'च आहे. दरबार आज्ञेने बोलतो. बाजार ज्याला त्याला समजेल तसे बोलतो.

हे समजायला कामतघरएवढी चांगली जागा नाही. इथली जुनी वस्ती आगरी-कोळ्यांची. शेजारी पद्मनगरात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, शहरात उत्तरेकडून आलेले मोमीन-अन्सारी, पेढ्यांवर गुजराती आणि मारवाडी. सकाळी एकाच दुकानाच्या फळीशी चार मायबोल्या उभ्या असतात. तिथे 'रेट', 'किलो', 'डझन', 'हाफ', 'फुल', 'पॅकेट' हे शब्द सगळ्यांचे सामाईक भांडे आहेत. "अण्णा, तेलाचा रेट काय?" असे आगरी बाई तेलुगू दुकानदाराला विचारते तेव्हा कुणाचाही अपमान होत नाही आणि दोघांचेही काम होते.

'गोदाम' या शब्दाचा प्रवास तर आपल्या शहरासाठीच झाला असावा. इंग्रज त्याला 'गोडाउन' म्हणू लागले. त्यांनी तो मलायी 'गुदांग'वरून उचलला आणि त्याच्याही मागे तेलुगूतला 'गिड्डंगी' किंवा तमिळमधला 'किडंगु' असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे पद्मनगरातल्या आजीच्या भाषेतला शब्द समुद्रापार जाऊन, गोऱ्या व्यापाऱ्यांच्या वह्यांतून फिरून, माणकोली-दापोड्याच्या भातशेतीवर पत्र्याची छपरे घेऊन परत आला. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशी आणि महामार्गाला लागून असल्यामुळे ही गोदामे इथे वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. आता त्यांच्या करारांवर 'वेअरहाऊस' असते आणि नव्या पाट्यांवर 'फुलफिलमेंट सेंटर'. फुलफिलमेंट म्हणजे पूर्ती. मागणी आली, ती पुरी केली. हा अर्थ मी वर्गात सांगितला तेव्हा तिथेच काम करणाऱ्या एका मुलाने विचारले, "सर, म्हणजे मी पूर्ती करतो?" आपण रोज काय करतो त्याचे नाव त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण भिवंडीतला सर्वांत अर्थपूर्ण इंग्रजी शब्द कुठला असे मला विचाराल, तर मी सांगेन: 'पिक'. आपल्या शहरात दोन पिक आहेत. पहिला मागावरचा. धोटा एकदा या टोकाकडून त्या टोकाकडे गेला, बाण्याचा एक आडवा धागा पडला, की एक पिक. इंचात किती पिक बसतात त्यावर कापडाचा पोत ठरतो आणि जॉबवर्कची मजुरीही पिकावर बोलली जाते. समजा ५२ पिकांचे कापड आहे आणि पिकामागे १० पैसे ठरले, तर मीटरला ५ रुपये २० पैसे. हा हिशेब ज्यांच्या घरात माग आहेत त्यांना झोपेतही येतो. त्यासाठी त्यांना कुणी इंग्रजी शिकवली नाही. 'पिक', 'बीम', 'बॉबिन', 'ग्रे' हे शब्द मागाबरोबर आले आणि विणकराने तेलाच्या हातांनी ते आपले केले.

दुसरा पिक गोदामातला. घरबसल्या कुणी तरी फोनवर एक चार्जर मागवला, तो फळीवरून उचलून पेटीत टाकायचा, हा पिक. उचलणारा तो 'पिकर'. तासाला किती नग उचलले त्यावर त्याचे काम मोजले जाते. बाप पिकावर मजुरी मोजणारा आणि मुलगा पिकावर मोजला जाणारा, अशी घरे मी या भागात पाहिली आहेत. शब्द एकच. पण बापाला एका पिकाचा पैसा माहीत असायचा आणि त्यावर तो मालकाशी वाद घालायचा. आपल्या एका पिकाची किंमत किती, हे मुलाला सांगता येत नाही. त्याच्या हातातल्या यंत्रावर फक्त आकडा येतो.

याच्या उलटही एक उदाहरण आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. महाराष्ट्राचा १९६९ चा कायदा इंग्रजीत वाचला तरी त्याच्या नावातच 'माथाडी' आणि 'हमाल' हे शब्द जसेच्या तसे आहेत. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसांचा शब्द इंग्रजीला घ्यावा लागला. हमाली, तोलाई, वाराई हे शब्द हिशेबाच्या चिठ्ठीवर वेगवेगळे लिहिले जातात, कारण प्रत्येक शब्दामागे एका माणसाचा घाम आणि त्याचा दर आहे. या सगळ्यांना मिळून एकच 'हँडलिंग चार्जेस' लिहिले की त्यातला कुणाचा वाटा किती, ते कागदावरून दिसेनासे होते.

आता मी माझ्या मुद्द्याजवळ आलो. जुन्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. भोवती शंभर माणसे उभी, पण भाव दोघांनाच ठाऊक. नंदभाषा नावाची व्यापाऱ्यांची सांकेतिक बोलीही होती. तिच्यात आकड्यांना वेगळीच नावे असत, ती गिऱ्हाइकाला कळू नयेत म्हणून. रुमाल गेला, नंदभाषा पुस्तकांत गेली. पण भाव गिऱ्हाइकासमोर उघडा ठेवायचा आणि तरी त्याला कळू द्यायचा नाही, ही सोय आज अनेकदा इंग्रजी पुरवते. माझी तक्रार शब्दांच्या परकेपणाबद्दल नाही, या रुमालाबद्दल आहे.

एमआरपी घ्या. पाकिटावर ही तीन अक्षरे १९९० च्या दशकापासून आपण पाहतो. वर्गात मी विचारतो, एमआरपी म्हणजे काय? हमखास उत्तर येते, "छापील किंमत." चुकीचे नाही. पण पहिल्याच अक्षराचा अर्थ आहे 'मॅक्सिमम', जास्तीत जास्त. ती वरची मर्यादा आहे. दुकानदार त्याहून कमीला विकू शकतो, एक रुपयाही जास्त घेऊ शकत नाही आणि सगळे कर त्यातच आलेले असतात. थंड पेयाच्या बाटलीवर 'कूलिंग चार्ज' म्हणून वरचे दोन रुपये घेतले जातात ते नियमाविरुद्ध आहे. 'छापील किंमत' या आपल्या शब्दातही ती मर्यादा दिसत नाही, म्हणून मला तो पुरेसा वाटत नाही. 'जास्तीत जास्त किंमत' म्हटले तर दुसरीतले पोरही ओळखेल.

पण तसे पाकिटावर छापायला कुणी बांधील नाही. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे सक्तीची माहिती देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असली की पुरे. बाकीच्या भाषा वाटल्यास जोडीला. दुकानांच्या पाट्यांसाठी आपण झगडलो. २०२२ मध्ये कायदा बदलून लहान दुकानांनाही ठळक देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. मला आनंद झाला होता, आजही आहे. पण पाटी दुकानाच्या बाहेर असते. तिच्याखालून आत गेल्यावर दर, सूट, मुदत, परत घेण्याच्या अटी ज्या कागदावर असतात, तो बहुतेक वेळा इंग्रजीच असतो. गिऱ्हाइकाचा पैसा पाटीवर जात नाही, त्या कागदावर जातो.

माझ्या आईची गोष्ट सांगतो. तिने एका मोठ्या दुकानाच्या काचेवर ५० टक्क्यांचा भला मोठा आकडा पाहिला. आत जाऊन दोन साड्या निवडल्या, निम्म्या किमतीचा हिशेब मनात केला आणि तेवढेच पैसे मोजून ठेवले. बिल आले तेव्हा सूट होती दहा टक्के. आकड्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'अप टू' लिहिले होते. आईला अंक वाचता येत होते, ते दोन शब्द नाही. तिने एक साडी परत ठेवली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मीच नीट बघितलं नाही." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. चूक तिची नव्हती. 'जास्तीत जास्त ५० टक्के, काही मालावर' असे मराठीत तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिले असते, तर तिने दोन्ही साड्यांचा विचार आधीच नीट केला असता. फसवणूक करणाऱ्याने खोटा शब्द वापरलाच नव्हता. खरा शब्दच तिला न कळेल असा लिहिला होता.

हप्त्यांचे तेच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, व्याज दुसऱ्या नावाखाली वसूल होते. मग 'नो कॉस्ट ईएमआय' हे नाव रूढ झाले. त्यात साधारणपणे व्याजाएवढी सूट आधी दाखवतात. प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी मात्र बऱ्याचदा घेणाऱ्याच्या माथी येतो. 'कॉस्ट', 'प्राइस', 'चार्ज', 'फी', 'रेट' हे पाच शब्द मी फळ्यावर लिहितो, तेव्हा मुले सगळ्यांपुढे 'किंमत' लिहितात. पण प्राइस म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेली किंमत, कॉस्ट म्हणजे शेवटी आपल्या खिशातून जाणारा सगळा खर्च, रेट म्हणजे एका मापाचा दर, फी आणि चार्ज म्हणजे वस्तूची नव्हे तर सेवेची आकारणी. बिलावर वस्तूच्या किमतीखाली ज्या ओळी असतात त्यांतल्या बऱ्याचशा या शेवटच्या दोन शब्दांच्या. तिथे बोट ठेवून "हे कशाचे?" असे विचारायला मी मुलांना शिकवतो. मराठीत विचारले तरी चालते.

आणि एक शब्द आहे ज्याला इंग्रजी पुरी पडत नाही: महागाई. वर्तमानपत्र 'इन्फ्लेशन' म्हणते, तो दर असतो. तो सहावरून चारवर आला की बातमी येते, महागाई घटली. घरात बाई म्हणते, कुठे घटली? तिचे बरोबर असते. दर घटला म्हणजे किमती चढण्याचा वेग कमी झाला, किमती उतरल्या नाहीत. महागाई हा दर नाही, ती घरात राहायला आलेली असते. १९७२ मध्ये महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर त्यात पुढे होत्या आणि मुंबईत हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल यांचे भाव त्यांना तोंडपाठ होते. त्या ज्या शब्दासाठी बाहेर पडल्या तो त्यांच्या चुलीजवळचा होता. इन्फ्लेशनविरुद्ध लाटणे उचलले जाईल असे मला वाटत नाही.

त्याच काळात ग्राहक चळवळही मूळ धरत होती. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारच्या घरांनी मिळून यादी करायची, एकत्र माल आणायचा आणि वाटून घ्यायचा. 'गिऱ्हाईक' या शब्दाला आपल्याकडे थोडी लबाडीची छटा आहे, 'याला गिऱ्हाईक केले' असे आपण म्हणतो. त्याच घराण्यातला 'ग्राहक' या लोकांनी ताठ मानेने उभा केला.

मात्र सगळा दोष इंग्रजीवर टाकून मी मोकळा होणार नाही. माप कमी भरले, जास्त पैसे घेतले, तर तक्रार कुठे करायची? सरकारी मराठीत त्या यंत्रणेचे नाव आहे 'वैधमापनशास्त्र'. माझ्या वर्गातल्या एकालाही ते वाचून कळले नाही. 'वजनमापे' म्हटल्यावर सगळ्यांना कळले. उलट 'रास्त भाव दुकान' पाहा. रास्त फारसी, भाव आपला, दुकान अरबी वळणाचे, आणि तीन शब्दांत न्याय, पैसा आणि जागा सगळे आले. रेशन हा शब्द १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाल्यापासून आपला झाला, 'शिधावाटप' कागदावर राहिले. लोक रेशनला जातात. जाऊ द्यावे. पण तिथल्या यंत्रातून निघणाऱ्या पावतीवर किती किलो आले आणि किती दिले, हे त्यांना वाचता आले पाहिजे.

म्हणून मला आज तुमच्याकडे एक काम मागायचे आहे. गुरुजी आम्हाला इंग्रजी शिकवताना धड्याच्या आधी बिस्किटाचा पुडा, साबणाचे वेष्टन, औषधाची पट्टी वाचायला लावत. वजन किती, कधी बनवले, कधीपर्यंत चालेल, किंमत किती, तक्रार कुठे. तोच वर्ग येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात पुन्हा भरवू. मुलांनी आईला आणावे, आजीलाही आणावे. येताना घरातले एक रिकामे पाकीट आणि मागच्या महिन्याचे एक बिल पिशवीत टाका. ज्यांनी हप्त्यावर काही घेतले असेल त्यांनी तो करारही आणावा, त्याची बारीक अक्षरे मी मोठ्याने वाचेन. फळ्याच्या कोपऱ्यात ग्राहकांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आधीच लिहून ठेवतो.